केंद्राचा पैसा, गावची शाळा आणि हिशेबाची जबाबदारी

करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली काढला आणि पुढल्याच वर्षी करवीर पेट्यातील चिखली येथे त्या योजनेतील पहिली शाळा सुरू झाली. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड, ही त्या हुकुमातील बाब शतक उलटून गेल्यावरही लोकांच्या तोंडी आहे. परंतु प्रजेवर सक्ती करणाऱ्या राजाने फी माफ करून त्या सक्तीचा भार आपल्या दरबारावर घेतला होता, ही त्याच हुकुमाची तितकीच महत्त्वाची बाजू सहसा सांगितली जात नाही. पालकाला दंड आणि दरबाराला तरतूद, अशी बंधने दोन्ही पक्षांवर होती. खजिना कोल्हापुरात व शाळा दोन-तीन कोसांवर असल्यामुळे दिलेला पैसा कोठे गेला हे पाहण्यास फार मोठ्या यंत्रणेची गरजही पडत नव्हती.

आज त्याच चिखलीच्या, किंवा गगनबावड्याच्या, किंवा चंदगडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेला खडू-फळ्यापासून वीजबिलापर्यंतच्या खर्चासाठी जी रक्कम मिळते, तिचा मोठा हिस्सा दिल्लीहून निघतो, मुंबईत राज्याच्या हिश्शास मिळतो, आणि जिल्हा, तालुका, शाळासमूहाचे केंद्र अशा पायऱ्या उतरत मुख्याध्यापकाच्या हाती येतो. आणि त्या रकमेचा हिशेब त्याच पायऱ्यांनी उलट वर चढत जातो. ही व्यवस्था कशी घडली, ती आज कशी चालते, तिच्यात कोठे अडते, आणि हिशेबाचे जे दायित्व शाळेवर आहे त्याच्या तोडीचे दायित्व पैसा देणाऱ्यावर आहे की नाही, याचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

सरकारी पैसा अटींसह देण्याची पद्धत आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अनुदानाचे तत्त्व घालून दिले. पुढील दशकात मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावण्यात आला, म्हणजे शाळेसाठी पैसा देणारा पहिला मोठा करदाता खेड्यातला कुणबीच होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी नेमक्या याच जागी बोट ठेवले : महसूल रयतेच्या श्रमातून उभा राहतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च पडतो, हा अन्याय आहे. त्याच काळात परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलांच्या संख्येवर अनुदान देण्याची पद्धत इलाख्यात रूढ होती. तपासनीस येईल त्या दिवसापुरती मुले तयार करण्याकडे शाळांचा कल त्यामुळे झुकला. ज्या गोष्टीची मोजणी होते तीच गोष्ट साधली जाते आणि मोजणीबाहेर राहिलेले शिक्षण मागे पडते, हा धडा अनुदानाच्या इतिहासाने त्या वेळीच दिला होता.

या इतिहासाचा सर्वांत साक्षेपी अभ्यासक कोल्हापूर जिल्ह्यानेच दिला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे १९०७ साली जन्मलेल्या जे. पी. नाईकांनी मुंबई इलाख्यातील लोकल फंडाचा इतिहास लिहिला, एकशिक्षकी शाळेच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीस हात लावला, आणि १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा घडवला. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा ही त्या आयोगाची शिफारस आजही अपुरीच राहिली आहे. खेड्यातील एकशिक्षकी शाळा आणि देशाचे अर्थकारण या दोन टोकांचा विचार एकाच माणसाने केला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण आजच्या अनुदानव्यवस्थेत या दोन टोकांची भेट क्वचितच होते.

१९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. शिक्षकांच्या वेतनाचा मुख्य बोजा राज्याने उचलला व आजही तोच उचलतो. शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला आणि केंद्राला प्राथमिक शाळेच्या दारापर्यंत येण्याचा मार्ग मोकळा झाला. १९८७ ची खडू-फळा मोहीम, १९९४ पासूनचा जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, शतकाच्या वळणावरचे सर्व शिक्षा अभियान, २००९ चे माध्यमिक शिक्षा अभियान, आणि या दोहोंना शिक्षक-शिक्षणासह एकत्र करून २०१८ साली सुरू झालेली समग्र शिक्षा, असा हा प्रवास आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेस २०२६ पर्यंत मुदतवाढ देताना एकूण २,९४,२८३ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला, त्यापैकी केंद्राचा वाटा १,८५,३९८ कोटींचा. सर्व शिक्षा अभियानाच्या आरंभी केंद्र ८५ व राज्य १५ असे असलेले प्रमाण पुढे ७५-२५, मग ६५-३५ असे उतरत २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी ६०-४० वर स्थिरावले. याच काळात प्राप्तिकरावर व इतर करांवर शिक्षण उपकर बसला, म्हणजे नागरिकाने शिक्षणाच्या नावाने वेगळा पैसा दिला. आणि तरीही राज्याच्या तिजोरीवरचा भार वाढतच गेला.

सर्व शिक्षा अभियानाने राज्यांवर घातलेली एक अट येथे मुद्दाम नोंदवली पाहिजे. १९९९-२००० साली प्राथमिक शिक्षणावर राज्य जेवढा खर्च करीत होते त्याखाली त्याने जाऊ नये, केंद्राचा पैसा त्या खर्चाच्या वर पडावा, हा त्या अटीचा आशय होता. अमेरिकेत १९६५ साली गरीब वस्त्यांतील शाळांसाठी संघ-सरकारने जो कायदा केला, त्याच्या अंमलबजावणीतही हीच चिंता पुढे आली : वॉशिंग्टनचा पैसा आला म्हणून स्थानिक शाळा-मंडळाने आपला हात आखडता घेऊ नये, आलेली रक्कम पूरक ठरावी. दोन भिन्न देशांना एकाच अटीची गरज भासावी, यावरून मानवी व्यवहाराचा एक स्वभावच प्रकट होतो. वरून पैसा येऊ लागला की खालचा धनी सैल पडतो आणि वरचा धनी हुकूम सोडू लागतो. या दोन्ही प्रवृत्तींना लगाम घालणे हेच अनुपालनाचे मूळ प्रयोजन होय.

आता आजच्या कारभाराकडे वळू. मागणी खालून वर जाते. प्रत्येक शाळेस यू-डायस नावाच्या राष्ट्रीय माहितीसंचात अकरा अंकी सांकेतांक असतो व दरवर्षी मुख्याध्यापक पटसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पाण्याची सोय, दिव्यांग मुलांसाठीचा उतार अशी तपशीलवार माहिती तेथे भरतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करावयाचा असतो. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी व जिल्हा परिषद यांच्या हातून या गरजांची बेरीज होऊन जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक सिद्ध होते, ते मुंबईस महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे जाते, आणि तेथून राज्याची योजना दिल्लीतील प्रकल्प मान्यता मंडळापुढे ठेवली जाते. मंडळाचा निर्णय बाबनिहाय असतो : गणवेशाचे दोन संच प्रत्येक मुलामागे ६०० रुपये, ग्रंथालयास इतके, क्रीडासाहित्यास प्राथमिक शाळेमागे ५,००० रुपयांपर्यंत, अशी प्रत्येक गोष्टीची कमाल मर्यादा ठरलेली. एका बाबीचा पैसा दुसऱ्या बाबीवर खर्च करण्यास मुभा नाही.

पैसा वरून खाली येण्याची रीत गेल्या काही वर्षांत मुळातून बदलली. पूर्वी हप्ता शाळेच्या बँकखात्यावर प्रत्यक्ष जमा होई व शिल्लक तेथेच राही. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या मार्च २०२१ च्या आदेशानुसार त्याच वर्षीच्या १ जुलैपासून राज्यात प्रत्येक योजनेस एकच मुख्य खाते ठेवावयाचे व खालच्या सर्वांची खाती शून्य शिलकेची करावयाची, अशी व्यवस्था आली. शाळेकडे आता रोकड नसते, खर्चमर्यादा असते. मुख्य खात्यावरील व्याजही शासनाच्या संचित निधीत भरावे लागते. पैसा जिल्होजिल्ही पडून राहू नये हा या बदलाचा हेतू होता आणि त्यामागे सबळ कारण होते. शिक्षण हक्क कायद्याच्या अंमलबजावणीवरील भारताच्या महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात, २०१०-११ ते २०१५-१६ या वर्षांच्या अखेरीस राज्यांकडे बारा हजार ते सतरा हजार कोटींच्या दरम्यान रक्कम अखर्चित राहिल्याचे दाखवून दिले होते. एकीकडे गळकी छपरे आणि दुसरीकडे एवढी शिल्लक, हे चित्र कोणत्याही शासनास भूषणावह नव्हते.

परंतु हीच व्यवस्था एखाद्या द्विशिक्षकी शाळेच्या टेबलावरून पाहिली म्हणजे तिचे वजन कळते. फळा रंगवणे, नळाची तोटी बदलणे आणि वर्षभराचे खडू घेणे एवढ्या कामासाठी प्रथम व्यवस्थापन समितीची सभा, इतिवृत्तात ठराव, दुकानदारांची दरपत्रके, त्यांचा तुलनात्मक तक्ता, खरेदीचा आदेश, पक्के बिल, वस्तू मिळाल्याची साठा नोंदवहीत नोंद, टिकाऊ वस्तू असल्यास जडवस्तू संग्रह नोंदवहीत वेगळी नोंद, मग संगणकावर दुकानदाराचे खाते नोंदवून प्रदानाची छापील सूचना, तीवर सचिव या नात्याने मुख्याध्यापकाची व अध्यक्षाची सही, ती घेऊन बँकेत हेलपाटा, रोकडवहीत कीर्द, बाबनिहाय खतावणी, आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, अशी ही साखळी आहे. यातील एकही कडी निरर्थक आहे असे म्हणता येणार नाही. शिवाय शालेय पोषण आहाराचे तांदूळ-कडधान्याचे साठापत्रक वेगळे, रोज ताटात अन्न पडण्यापूर्वी चव घेऊन करावयाची नोंद वेगळी. आणि प्राथमिक शाळेत कारकून नसतो! ज्या शिक्षकाने पहिली-दुसरीच्या मुलांना एकत्र बसवून वाचन शिकवावयाचे, त्यानेच हे सारे दप्तर सांभाळावयाचे असते. तो बँकेत गेला म्हणजे चारही इयत्ता त्याच्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडतात.

या श्रमांच्या बदल्यात पदरात किती पडते? समग्र शिक्षेतील संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते : ३० मुलांपर्यंत वर्षास १०,००० रुपये, त्यापुढे १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्याहून मोठ्या शाळेस एक लाख, त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च झाला पाहिजे. तीस मुलांच्या शाळेस महिन्याकाठी आठशे तेहतीस रुपये येतात, एकतिसावे मूल दाखल होताच ती रक्कम अडीचपट होते. विजेचे बिल, संगणकाची जोडणी, पावसाळ्यात सरकलेली कौले, यांचा खर्च मात्र मुले मोजून होत नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगराळ तालुक्यांतील वाड्या आणि धनगरवाडे यांच्या शाळांचा पट स्वभावतःच लहान असतो. म्हणून जेथे पाऊस अधिक, वाट बिकट आणि दुरुस्ती महाग, तेथेच अनुदान सर्वांत तोकडे पडते. दरांची ही पट्टी सबंध देशासाठी एकच आखल्याचा हा परिणाम आहे.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अडचण वेगळी आहे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा-कृष्णेच्या महापुराने शिरोळ, करवीर, हातकणंगले तालुक्यांतील गावे पाण्याखाली घातली. पूर ओसरल्यावर शाळेला लागतो तो चिखल उपसण्याचा, बाके सुकवण्याचा, भिजलेल्या पुस्तकांच्या जागी नवी आणण्याचा पैसा, आणि तो त्याच आठवड्यात लागतो. आदल्या वसंतात मंजूर झालेल्या बाबनिहाय अंदाजपत्रकात महापुराला जागा नसते. अशा वेळी ग्रामपंचायत, लोकवर्गणी आणि शिक्षकांचे स्वतःचे खिसे यांवरच शाळा उभ्या राहतात. त्याचप्रमाणे साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की मराठवाड्यातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर शाळा मध्येच सोडलेली मुले येतात. त्यांचा पट गावी, मुक्काम फडात, आणि अनुदान पटामागे. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची व प्रशिक्षणवर्गाची तरतूद योजनेत आहे, पण हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि वित्तीय वर्ष ३१ मार्चला संपते, या दोहोंचा मेळ घालणे स्थानिक अधिकाऱ्याच्या कर्तबगारीवर सोडलेले आहे.

मुदतीचा हा प्रश्न सबंध व्यवस्थेचे मर्म आहे. शाळेचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते; मान्यता, केंद्राचा हप्ता, राज्याचा हिस्सा, जिल्ह्याची वाटणी या क्रमाने जाताना एका ठिकाणी दिरंगाई झाली की तिची भर पुढच्या प्रत्येक ठिकाणी पडते. पुढचा हप्ता मिळण्यासाठी आधीच्या हप्त्याचा मोठा भाग खर्च झाल्याचे दाखवावे लागते, म्हणजे उशिरा मिळालेल्या पैशामुळे पुढचा पैसाही उशिरा मिळतो. वर्षाच्या अखेरच्या आठवड्यांत खर्चमर्यादा आली की ३१ मार्चपूर्वी ती संपवण्याचा तगादा सुरू होतो. जूनमध्ये हव्या असलेल्या वस्तू मार्चमध्ये घेतल्या जातात, गरजेपेक्षा सोय पाहून घेतल्या जातात, आणि लेखापरीक्षक आला की घाईत राहिलेल्या त्रुटींचे आक्षेप मुख्याध्यापकाच्या नावे निघतात. सनदी लेखापाल, स्थानिक निधी लेखा कार्यालय, महालेखाकार आणि विधिमंडळाची पंचायत राज समिती यांपैकी कोणाच्याही पुढे जाब द्यावयाचा तो खर्च करणाऱ्याने. पैसा विलंबाने पाठवणाऱ्याकडून अनुपालन अहवाल मागितला जात नाही.

असे असले तरी हिशेबाचा काच कमी करा, ही मागणी मी करणार नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून ती मोजली गेली, आणि कागदावर असलेली पण वर्गात नसलेली कितीतरी मुले उघडकीस आली. पटावर पैसा मिळतो तेथे पट फुगवण्याचा मोह होतो. त्या प्रत्येक खोट्या नावामागे एका खऱ्या मुलाचा घास आणि पुस्तक गेलेले असते. काटेकोर हिशेब हा गरिबाच्या मुलाचा पहिला संरक्षक आहे. म्हणून प्रश्न हिशेब असावा की नसावा हा नाहीच. तो कोणी ठेवावा, कोणाला दाखवावा आणि कोणाकोणावर बंधनकारक असावा, हा खरा प्रश्न आहे.

अटींचा आणखी एक प्रकार आहे, त्याचाही विचार करावा लागेल. हिशेबाच्या अटी वेगळ्या आणि धोरण मान्य करण्याच्या अटी वेगळ्या. राष्ट्रीय शिक्षण धोरण स्वीकारण्याची अट असलेल्या, पीएम श्री शाळांच्या केंद्रीय योजनेच्या करारावर सही न केल्याच्या कारणावरून तमिळनाडूचा २०२४-२५ चा समग्र शिक्षेचा निधी अडला आणि ते राज्य २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या धोरणातील त्रिभाषा सूत्राविषयी कोणाचे मत काहीही असो, दोन सरकारांच्या वादात पहिलीतल्या मुलाचा गणवेश थांबता कामा नये. आपल्याकडेही १९४८ साली मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान थांबवले होते आणि ते पूर्ववत व्हावे म्हणून गाडगेबाबांना मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकावा लागला होता. रयतचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पाठीशी गाडगेबाबा होते. साध्या शाळेच्या पाठीशी कायदाच असला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या सातव्या कलमाने खर्चाची जबाबदारी केंद्र व राज्य या दोघांवर संयुक्तपणे टाकली आहे, आणि हक्काचा पैसा हा बक्षिशीप्रमाणे रोखून धरण्याचा विषय राहू नये.

या सर्वांतून माझे मत असे झाले आहे की, अनुदानाच्या अनुपालनाची आपली व्यवस्था तत्त्वतः योग्य असून ती एकाच बाजूस कललेली आहे, आणि तिला समतोल देणारे उपाय फारसे खर्चिक नाहीत. शाळेच्या खर्चास जशी मुदत, तशी केंद्र, राज्य व जिल्हा यांच्या प्रत्येक हप्त्यास मुदत असावी, आणि ती चुकल्यास त्याची नोंद लेखापरीक्षणात त्या त्या कार्यालयाच्या नावे व्हावी. विलंबाने आलेल्या रकमेची खर्चमुदत आपोआप तितकीच वाढावी. दहा-पंधरा शाळांच्या प्रत्येक केंद्रास एक कायम लेखनिक द्यावा, जेणेकरून शिक्षक वर्गात राहील; करारावर वर्षानुवर्षे राबवून घेतलेल्या लेखा-कर्मचाऱ्यांच्या अनुभवाचा उपयोग त्यासाठी सन्मानाने करून घेता येईल. तीस मुलांखालील शाळांसाठी अनुदानाचा पाया पटावरून काढून इमारत व भूगोल यांवर ठेवावा. आणि पूर-अतिवृष्टीसाठी जिल्हा परिषदेच्या हाती बाबनिरपेक्ष अशी एक रक्कम राखून ठेवावी.

यांपैकी बहुतेक गोष्टी मुंबई-दिल्लीच्या अखत्यारीतल्या आहेत. एक मात्र आजच गावाच्या हाती आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाने मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवले आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. वर्षाला किती रक्कम मंजूर झाली, ती कोणत्या तारखेस आली आणि कशावर खर्च पडली, हे तीन आकडे शाळेच्या भिंतीवर मराठीत लिहावेत व ग्रामसभेत वाचून दाखवावेत. रक्कम येण्याची तारीख गावाला कळली की विलंबाचा जाब योग्य जागी विचारता येईल, आणि प्रामाणिक मुख्याध्यापकाला गावाचे पाठबळ मिळेल. ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात, आणि ज्यांची तेथे शिकत नाहीत पण ज्यांच्या करातून ती शाळा चालते, अशा सर्व वाचकांना माझी विनंती आहे की, आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेस आवर्जून जा आणि शाळेचा जमाखर्च वाचून दाखवण्याची मागणी करा.